दमू द्या की त्यांना

बारा-तेरा वर्षांचं झालं की पोर आमच्याकडं यायचं बंद होतं. सोलापुरात मुलांची फिजिओथेरपी करायला लागल्यावर ही गोष्ट फार लवकर ध्यानात आली. सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळं हालचाल अवघड झालेलं, दोन वर्षांचं मूल आई कडेवर घेऊन येते. सहा वर्षांचं रिक्षातून येतं. दहाव्या वर्षी वडील त्याला मोटारसायकलवर स्वतःच्या आणि मामाच्या मधे बसवून आणतात. पुढं उंची वाढते, वजन चाळीस किलोच्या वर जातं, घर पहिल्या मजल्यावर असतं, आईची कंबर धरलेली असते. मग "पुढच्या आठवड्यात येतो" असे निरोप यायला लागतात आणि हळूहळू तेही थांबतात. फाइल कपाटात तशीच राहते. उपचार संपले असं कुणी कुणाला सांगितलेलं नसतं.

आणि वय तर नेमकं हेच अवघड. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या मंडळींनी 1997 साली या मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या ठरवल्या. पहिल्या पातळीवरचं मूल चालतं-पळतं, पाचव्या पातळीवरच्याला मान सावरणंही जड जातं. आम्ही सगळे आज हीच भाषा बोलतो. तिथल्याच लोकांनी शेकडो मुलांना वर्षानुवर्षं मोजून हालचालीच्या क्षमतेचे आलेख काढले. 2009 साली आलेल्या आलेखांत तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरच्या मुलांची रेघ सात-आठ वर्षांपर्यंत चढते आणि नंतर उतरायला लागते. हाड भरभर वाढतं, ताठर स्नायू त्या वेगानं लांबत नाही, गुडघे-टाचा आखडतात, वाढलेलं शरीर ओढायला ताकद जास्त लागते. म्हणजे व्यायामाची गरज वाढते तेव्हाच व्यायाम सुटतो.

या घरांमध्ये व्यायाम म्हणजे काय, तेही सांगायला हवं. आई किंवा माझ्यासारखी कुणी तरी पाय धरून ताणते, तीस आकडे मोजते आणि सोडते. हे ताणणं लागतंच, ते टाळता येत नाही. पण त्यात मुलानं करायचं काय, तर छताकडं बघत पडायचं. पंधरा वर्षांच्या कित्येक मुलामुलींचं अंग दुसऱ्यानं ओढून दुखलेलं असतं. स्वतःच्या मनानं काही केलं, छाती धपापली, घाम आला आणि तरी अजून करावंसं वाटलं, असं त्यांच्या बाबतीत कधी घडलेलंच नसतं. त्यांच्याच गल्लीतली पोरं रोज संध्याकाळी क्रिकेट खेळून तशी होऊन घरी येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्यांदा अपंग मुलांसाठी वेगळं लिहिलं: 5 ते 17 वयाच्या अपंग मुलांनीही दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. ते वाचून मला हसू आलं. आठवड्याला साठ मिनिटं भरली असती तरी मी पेढे वाटले असते.

आमच्या खोलीच्या भिंतीवर सुयश जाधव यांचा फोटो आहे. ते आमच्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातले. लहानपणी विजेच्या अपघातात दोन्ही हात गेले, तरी पोहायचं सोडलं नाही. 2018 च्या जकार्तातल्या पॅरा आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, 2020 साली अर्जुन पुरस्कार. फोटो मुलांना उभारी यावी म्हणून लावला होता. साखर पेठेतला एक मुलगा बराच वेळ त्याच्याकडं बघत बसला आणि म्हणाला, "मॅडम, त्यांना हात न्हाईत तरी पवतेत. मला दोन दोन हायत, पण ते माझं ऐकंनात की." त्यानंतर प्रेरणादायी फोटो लावण्याचा माझा उत्साह कमी झाला. त्याला खेळायचं होतं, पदक नको होतं. आणि त्याच्या अंगाला जमेल असा खेळ शहरात कुठंच नव्हता.

म्हणून आम्ही पडद्यावरच्या खेळांकडं वळलो. पहिलं यंत्र आलं ते जुनं, वापरलेलं. मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट. हा टीव्हीपुढं ठेवायचा कॅमेरा 2010 साली बाजारात आला आणि 2017 मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं, त्यामुळं आम्हाला स्वस्तात मिळाला. तो समोरच्या माणसाचे वीस सांधे ओळखतो आणि पडद्यावर तशीच बाहुली हलवतो. हातात काही धरायचं नाही, डोक्याला काही लावायचं नाही. ऐकायला छान वाटलं. प्रत्यक्षात त्या कॅमेऱ्याला व्हीलचेअरचा हात पोराचा पाय वाटायचा. सगळ्यांत मोठी अडचण आईची. मूल पडेल म्हणून आई मागून काखेत धरून उभी, आणि कॅमेरा दोघांचं मिळून एकच चार हातांचं माणूस करायचा. पडद्यावरची बाहुली अंगात आल्यासारखी थरथरायची आणि पोरं खदाखदा हसायची.

तेव्हा आईला बाजूला करावंच लागलं. मुलाला कमरेच्या आणि छातीच्या पट्ट्यांनी खुर्चीत नीट बसवायचं आणि आईनं कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर जायचं. आमच्याकडच्या बऱ्याच आया विडी वळतात. त्या सूप मांडीवर घेऊन भिंतीशी बसल्या. हजार विड्या भरल्या तरच दिवसाची मजुरी, त्यामुळं आमच्याकडं घालवलेल्या वेळाची किंमत त्या बोटांवर मोजत असतात. एरवी पोराला ताणताना धरायला मला त्यांचे हात लागायचे. आता पोर खेळतंय आणि आई दोन फुटांवर बसून पानं कातरतेय, अशी वेळ आली. कागदावर कुठंही न लिहिता येणारा हा फायदा मला पहिल्या महिन्यातला सर्वांत मोठा वाटला. किती तरी वर्षांत पहिल्यांदाच त्या मुलाला खेळताना कुणी धरलेलं नव्हतं.

डोळ्यांपुढं आभासी जग (व्हीआर) दाखवणारं, डोक्याला लावायचं यंत्र त्यानंतर आलं. ऑक्युलस क्वेस्ट 2 हा हेडसेट 2020 च्या ऑक्टोबरात निघाला तेव्हा त्याची किंमत 299 डॉलर होती. आमचा अमेरिकेहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून आला. मुलं त्याला 'गॉगल' म्हणतात, आया 'डबा'. वजन 503 ग्रॅम. ज्याला स्वतःची मान जेमतेम सावरते त्याच्या डोक्यावर अर्धा किलो ठेवायचा की नाही, हा पहिला निर्णय. काहींना मागं उशी लावून जमलं, काहींना नाहीच जमलं, त्यांच्यासाठी किनेक्ट राहिलं. खेळण्याआधी विचारायचे प्रश्न मी कागदावर लिहून ठेवलेत. फिट येते का? सेरेब्रल पाल्सीच्या दर तीन-चार मुलांत एकाला तरी अपस्मार असतो, तेव्हा डॉक्टरांशी बोलल्याशिवाय चमकणारे दिवे डोळ्यांपुढं नकोत. डोक्यात पाणी साठतं म्हणून शंट बसवलाय का? काही शंटचा दाब चुंबकानं बदलतो आणि या यंत्रांत चुंबक असतात. ड्युशेनचा आजार आहे का? त्या मुलांचे स्नायू जास्त ताणानं उलट झिजतात. त्यांना खेळू द्यायचं, पण दमवायचं नाही. माझं इथलं सगळं म्हणणं दमण्याच्या बाजूचं आहे, म्हणून हा अपवाद मुद्दाम सांगते.

चक्कर हा पुढचा प्रश्न. डोळे सांगतात आपण पळतोय, कानातला तोल सांगतो आपण बसलोय, आणि पोट ढवळायला लागतं. म्हणून जिथं आपण जागेवर असतो आणि वस्तू आपल्याकडं येतात असेच खेळ निवडायचे. प्रागमधल्या एका छोट्या कंपनीनं 2018 मध्ये काढलेला बीट सेबर हा त्यातला. गाण्याच्या ठेक्यावर समोरून लाल-निळे ठोकळे येतात आणि हातातल्या प्रकाशाच्या तलवारीनं ते कापायचे. एकही बटण दाबावं लागत नाही. बटण दाबता न येणाऱ्यांसाठी हे किती महत्त्वाचं आहे, ते बनवणाऱ्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. एकाच हातानं खेळायची सोय आहे, कितीही चुकलं तरी खेळ बंद न पडण्याची सोय आहे, उंची कमी करता येते. राहिलं फक्त रिमोट हातात धरणं. मूठ मिटत नाही किंवा मिटली की उघडत नाही. आधी क्रेप बँडेज गुंडाळायचो. मग एका मुलाच्या वडिलांनी, ते टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत, टॉवेलच्या किनारीची पट्टी कापून, तिला वेलक्रो शिवून ती आणली. ती घाम शोषते, टोचत नाही, धुता येते. परदेशातून मागवलेल्या पट्ट्या आता पेटीत पडून आहेत.

याच खेळात मी ते दमणं पहिल्यांदा पाहिलं. विडी घरकुल वसाहतीकडून येणारा सोळा वर्षांचा मुलगा, चौथी पातळी, एरवी दोन शब्दांत बोलणं संपवणारा. दुसरं गाणं संपलं तेव्हा मान घामानं भिजलेली, तोंड उघडं, खांदे वरखाली होतायत. आई घाबरली. "दमलंय ओ ते, बास करा आता." तो हेडसेटच्या आतूनच ओरडला, "दमू दे की अम्मा!" घरी ही मंडळी तेलुगू बोलतात, हे वाक्य त्यानं मराठीत टाकलं, म्हणजे ते मला ऐकवायचं होतं. मी तिसरं गाणं लावलं.

आमच्या शिक्षणाला हे पटत नाही. जोर लावला, आनंद झाला, हरायची वेळ आली की ताठर स्नायू आणखी ताठरतात. उजवा हात तलवार फिरवतो तेव्हा डाव्याची मूठ आवळते, पाय एकमेकांत अडकतात. मुलं चलाखही असतात. खांदा वर उचलायला लागू नये म्हणून धड तिरकं करून ठोकळा कापतात, नाही तर नुसतं मनगट झटकतात. गुण तेवढेच मिळतात. काटेकोर फिजिओ इथं खेळ थांबवून हात सरळ करायला लावील. मी पहिले दोन डाव तोंड बंद ठेवते. आधी ताणणं, पाय पट्ट्यांनी नीट टेकवणं, दोन गाण्यांमधे विश्रांती, आणि दम मोजायची साधी परीक्षा: बोलता येतंय पण गाता येत नाही, इथपर्यंत ठीक. टोरांटोच्या संशोधकांनी 2012 मध्ये सेरेब्रल पाल्सीची 17 मुलं निन्टेंडोच्या वी या खेळयंत्रावर खेळताना मोजली होती. बोलिंगमध्ये फारसं काही झालं नाही, बॉक्सिंग आणि नाचाच्या खेळांत मध्यम व्यायामाइतका दम लागला. म्हणजे खेळ कुठला निवडला यावर सगळं आहे. नुसता गॉगल लावून डोंगर-दऱ्या बघत बसलं तर कसला आलाय व्यायाम.

बाजारातले खेळ बनवताना डोळ्यांपुढं जो माणूस असतो तो उभा असतो, त्याचे दोन्ही हात डोक्यावर जातात आणि त्याची बोटं स्थिर असतात. खेळापेक्षा मेनू कठीण, हे मला आधी सुचलंच नसतं. अंग सतत आपोआप हलत राहणारी एक मुलगी ठोकळे झकास कापते, पण 'पुन्हा खेळा' या बटणावर किरण स्थिर धरणं तिला जमत नाही. तो किरण सगळ्या पडद्यावर नाचतो. प्रत्येक गाण्यानंतर तिला माझी वाट बघावी लागते. आणखी एक: यंत्राचे कॅमेरे पुढं बघतात, आणि आमच्या कित्येक मुलांचे हात कोपरात दुमडून छातीशी असतात. यंत्राला ते हात दिसतच नाहीत. सोलापूरचा उन्हाळा तर वेगळाच. एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 वर गेला की भिंगावर वाफ धरते आणि यंत्र स्वतःच तापलो म्हणून बंद पडतं. त्या दोन महिन्यांत आम्ही सकाळी सातला खेळतो. खिडकीला पडदाही लागतो, कारण भिंगावर ऊन पडलं तर आतला पडदा जळतो. पण खोलीत अंधार केला तर कॅमेऱ्यांना काही दिसत नाही.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली तीन पोरं प्रकल्पासाठी विषय शोधत आली होती. त्यांना मी दिवसभर बसवून घेतलं, काही समजावलं नाही. संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "यांना कुठला खेळ पायजे?" आमच्या पोरांनी एका सुरात सांगितलं: गड्डा. गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वरांची यात्रा; नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे आणि दुकानं लागतात; तिथली फुगे फोडायची बंदूक. त्या तिघांनी फुग्यांचा खेळ केला. बंदुकीऐवजी हात. खेळ सुरू होताना मूल हात नेईल तिथवर नेतं, यंत्र तेवढा घेर लक्षात ठेवतं आणि फुगे त्या घेरातच लावतं. अधूनमधून एक फुगा चार बोटं पलीकडं. तो फोडायलाच सगळी धडपड. मेनू नाही, तीन सेकंद थांबलं की पुढचा डाव आपोआप. दिसायला अगदी ओबडधोबड आहे, फुग्यांच्या मागं तंबूऐवजी नुसती निळी भिंत. तरी सर्वांत जास्त मागणी त्यालाच.

त्यावर एकानं मला विचारलं, "मॅडम, हितं गड्डा झाला. खऱ्या गड्ड्याला कवा नेताव?" आठ वर्षांचा होईपर्यंत तो वडिलांच्या खांद्यावरून गेला होता. त्यानंतर नाही. मी आधी गर्दीचं कारण सांगितलं; मग मलाच ते पटेना. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळासाठी एक कलम आहे, करमणूक आणि संस्कृतीसाठी एक आहे. मैदानाच्या कडेला एक सपाट वाट आणि व्हीलचेअर पोचेल असं एक दुकान, एवढ्याला कायद्याची आठवण करून द्यायला लागू नये. गॉगलची मला भीती वाटते ती इथं. उद्या कुणी म्हणेल, यांना घरबसल्या सगळं दाखवलंय ना, मग उतार कशाला बांधायचा? पालिकेकडं अर्ज द्यायचं आम्ही पालकांनी मिळून ठरवलंय. अर्जावर अंगठे आणि सह्या मुलांच्या.

भलत्या आशेचाही बंदोबस्त करावा लागतो. गॉगल लावला की पोर चालतं, अशी बातमी कुणी तरी अक्कलकोटपर्यंत पोचवली. चार वर्षांच्या नातीला घेऊन एक आजोबा आले, पिशवीत पैसे बांधून. यंत्र बनवणाऱ्या कंपनीनंच आधी 13 वर्षांखाली नको म्हटलं होतं, 2023 पासून आईवडिलांच्या देखरेखीखाली 10 पर्यंत खाली आणलं. चार वर्षांच्या मुलीला ते नकोच. आजोबांना वाटलं, मी पैसे कमी म्हणून नाही म्हणतेय. त्यांना समजावण्यात अर्धी सकाळ गेली आणि ते पटून गेले असं मला वाटत नाही. लाखांची 'व्हीआर थेरपी' विकायला येणारे विक्रेते याच आशेवर जगतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर आजवरचे अभ्यास लहान आहेत, थोड्या आठवड्यांचे आहेत. तोल आणि हाताचं काम सुधारतं असं त्यांत दिसतं, पण खेळात आलेलं घरात येईलच असं नाही. फुग्यासाठी कानापर्यंत जाणारा एका मुलीचा हात वेणीसाठी जाईना. मग फुगे संपल्यावर लगेच तिच्या हातात कंगवा द्यायला लागलो. आता पुढचे केस ती स्वतः विंचरते; मागचे अजून आजी.

मात्र पोरं गळायची थांबली, हे मी माझ्या वहीवरून सांगू शकते. पंधरा-सोळा वर्षांची, ज्यांच्या फाइली कपाटात गेल्या होत्या त्यांतली काही परत आली. कुंभारीच्या रे नगरातून बस बदलून येणारा एक आहे. त्यांना व्यायाम आवडायला लागला असा माझा गैरसमज नाही. ती एकमेकांसाठी येतात. कॅनडात क्वीन्स विद्यापीठाच्या गटानं लिबेरी नावाचा खेळ केला होता: घरोघरी पेडल मारायच्या सायकली, पडद्यावर सगळ्यांची पात्रं एकत्र, आणि कानात एकमेकांचे आवाज. मुलं सायकल मारता मारता गप्पा मारायची. आमच्याकडं एवढं नाही. एक गॉगल, त्यातलं दृश्य टीव्हीवर दिसतं आणि बाकीचे भोवती बसून समालोचन करतात. पण टीव्ही जोडला नव्हता तेव्हा आत एक जण एकटाच हात मारायचा आणि बाकीचे मोबाइल बघायचे. पंधराशे रुपयांच्या त्या जोडणीनं जे केलं ते यंत्रानं केलं नसतं.

आता दुसरा हेडसेट आलाय, एका देणगीदारानं नाव न सांगता पाठवलेला. त्यामुळं सामने लागतात आणि भांडणंही. साखर पेठ विरुद्ध विडी घरकुल. कुणाचे फुगे जवळ लावले, कुणाचा घेर मुद्दाम लहान दाखवला, यावर "काय बे, चिटिंग करालास" इथपासून सुरू होतं. घेर मोजताना हात आखडता घ्यायचा आणि डावात पूर्ण लांबवायचा, ही युक्ती त्यांनी आठवड्यात शोधून काढली. ती बंद कशी करायची यावर अभियांत्रिकीची पोरं डोकं खाजवतायत. मी फार घाई करत नाही, कारण चिटिंग करणारा हात शेवटी पूर्ण लांबतोच.

परवा सामन्यानंतरच्या सकाळी विडी घरकुलाकडच्या अम्मांचा फोन आला. आवाज तक्रारीचा. रात्रभर दोन्ही दंड दुखतायत म्हणतोय, उचलून बसवलं तरी ओरडतोय, काही झालं तर नाही ना? ताप आहे का, सूज आहे का, एका बाजूलाच दुखतंय का, सगळं विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. पहिल्यांदा पोहायला गेलेल्या कुठल्याही पोराचे दुखतात तसे दंड दुखत होते. कोमट पाण्याची पिशवी ठेवा म्हटलं, आज खेळ नाही, परवा घेऊन या. मागून त्याचा आवाज आला, "परवा नको, उद्याच म्हण." अम्मा त्याला तेलुगूत काहीतरी बोलल्या आणि फोन ठेवला.